80 टक्के घरं फवारली तर मॉडेलमध्ये मलेरिया संपतो, प्रत्यक्षात का संपत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: रॉस-मॅकडोनाल्ड मॉडेल (डास आणि माणूस यांच्यात मलेरिया कसा फिरतो याचं जुनं गणिती मॉडेल) घेतलं, घरात भिंतींवर औषध फवारल्यामुळे डासांचा मृत्युदर वाढतो असं धरलं, कव्हरेज, म्हणजे फवारलेल्या घरांचं प्रमाण, 80 टक्के टाकलं आणि आर-नॉट (एका रुग्णापासून सरासरी किती नव्या लोकांना लागण होते तो आकडा, एकच्या खाली गेला की रोग विझतो) धाडकन एकच्या खाली आला. पण ज्या भागाचा डेटा हातात आहे तिथे फवारणी होऊनही केसेस धड निम्म्यासुद्धा झालेल्या नाहीत. मग मॉडेल चुकलं की डेटा? आणि तुम्ही शेवटी विचारलंय की हेच मॉडेल डेंग्यू किंवा काळा आजाराला वापरलं तर चालेल का.

फवारणी कार्यक्रमांसाठी अशी मॉडेलं करण्यात माझी बरीच वर्षं गेलीत, त्यामुळे उत्तर आधीच सांगून टाकतो. समीकरणं तुमची बहुतेक बरोबरच असतील, घोळ त्या 80 मध्ये आहे. तो एक आकडा दिसतो पण त्यात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात, आणि मॉडेल त्या आकड्याला इतकं नाजूक असतं की तिथे थोडं इकडेतिकडे झालं की सगळा निष्कर्ष उलटतो.

आधी हे नाजूकपण कुठून येतं ते बघा, कारण फवारणीची खरी ताकदही तिथेच आहे. मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात गेल्यावर लगेच पुढे पसरत नाही, त्याला डासाच्या आत वाढायला 10-12 दिवस लागतात (तापमानावर अवलंबून, थंडीत जास्त). म्हणजे डास संसर्ग झाल्यावर एवढे दिवस जगला तरच तो कामाचा, आपल्या दृष्टीने धोक्याचा. मॅकडोनाल्डने 1950 च्या दशकात हेच पकडलं. डासाची एक दिवस जगण्याची शक्यता पी असेल आणि परजीवीला एन दिवस लागत असतील, तर डास तेवढे दिवस टिकण्याची शक्यता पी चा एन वा घात, आणि त्यानंतर त्याचं सरासरी उरलेलं आयुष्य म्हणजे एक भागिले वजा नैसर्गिक लॉग पी. या दोन्हींचा गुणाकार करा, त्याला माणशी डासांची संख्या आणि चावण्याच्या दराचा वर्ग यांनी गुणा, की झाली व्हेक्टोरियल कपॅसिटी, म्हणजे डासांचं रोग पसरवण्याचं बळ, हे नाव 1964 ला गॅरेट-जोन्सने रूढ केलं.

आता हिशोब. एन 10 दिवस धरा. पी 0.9 असेल तर तो गुणाकार येतो 3.31. पी 0.8 केला तर 0.48, म्हणजे जवळजवळ 7 पट कमी. पी 0.7 केला तर 0.08, 40 पटीहून जास्त घट! आणि नुसते डास निम्मे केले (अळ्या मारून वगैरे) तर घट फक्त निम्मी. म्हणून 1955 ला जागतिक आरोग्य संघटनेनं निर्मूलन कार्यक्रम सुरू केला तेव्हा सगळा भर घरातल्या भिंतींवर डीडीटी मारण्यावर होता. त्यांचं गणित चुकीचं नव्हतं. पण ज्या घातामुळे फायदा असा फुगतो त्याच घातामुळे इनपुटमधली छोटी चूकही तशीच फुगते, हे मॉडेल चालवताना फार कमी लोक लक्षात घेतात.

तर आता 80 कडे येऊ.

डासाला मारायचं तर त्याने काय काय करायला पाहिजे? फवारलेल्या घरात शिरायला पाहिजे, घरातच चावायला पाहिजे (बाहेर अंगणात नाही), चावल्यावर पोट जड झालं की भिंतीवर बसायला पाहिजे (कपड्यांवर, छताला, कपाटामागे नाही), आणि त्या भिंतीवर तेव्हा औषध जिवंत असायला पाहिजे आणि डास त्या औषधाला दाद देणारा पाहिजे. समजा कव्हरेज 80 टक्के, घरात चावणं 90 टक्के, भिंतीवर बसणं 70 टक्के, बसला की मरणं 80 टक्के. गुणाकार येतो 40 टक्के! तुम्ही थेट 80 टक्के मृत्यू टाकलात, तेही बहुधा रोजचा मृत्यू म्हणून, आणि खरा आकडा आहे एका चावा-चक्रामागे 40. डास रोज चावत नाही, रक्त प्यायचं, अंडी पिकवायची, घालायची आणि परत यायचं याला 2-3 दिवस जातात, म्हणून फवारणीने होणारा मृत्यू दिवसाला नाही तर प्रत्येक चक्राला एकदा लावायचा असतो. एवढा एक बदल करा आणि रन परत घ्या, निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

या 40 टक्क्यांनीही किती फरक पडतो ते बघूच. चक्र 3 दिवसांचं, मूळ पी 0.9, म्हणजे एका चक्रात जगण्याची शक्यता 0.73. फवारणी धरून ती होते 0.435. दिवसाला परत काढला तर पी येतो साधारण 0.76 आणि तो गुणाकार 3.31 वरून 0.22 वर येतो, म्हणजे 15 पट घट. (डासांची एकूण संख्याही घटते, ती मी इथे मुद्दाम धरली नाही.) 15 पट म्हणजे भारीच आहे की! आर-नॉट 12 होता तर 0.8 वर आला, रोग संपला. मग प्रत्यक्षात का नाही?

कारण या हिशोबात एक गृहीतक गुपचूप बसलंय. प्रत्येक डास प्रत्येक वेळी चिठ्ठी टाकून घर निवडतो, दर चक्राला त्याला फवारलेलं घर लागायची शक्यता 80 टक्के, असं आपण धरलं. तीन-चार चक्रं जगायची तर कधी ना कधी तो औषधावर बसणारच. पण डास लांब जात नाही, जवळची अंडी घालायची जागा आणि जवळची घरं यांच्यातच घिरट्या घालतो, आणि न फवारलेली घरंही गावभर सारखी विखुरलेली नसतात, ती घोळक्याने असतात. एक वस्ती राहून गेली, एका बाजूच्या लोकांनी नकार दिला, नदीपलीकडे टीम पोचलीच नाही, असंच होतं. तर दुसरं टोक धरून बघा: डास आपापल्या घरालाच चिकटून आहेत. मग 80 टक्के घरांतल्या डासांचा गुणाकार 0.10 वर जातो, तिथे काम फत्ते, पण उरलेल्या 20 टक्क्यांत तो 3.31 च राहतो कारण त्या डासांना औषधाचा वासही लागला नाही. सरासरी काढा, 0.74. म्हणजे घट 15 पट नाही, साडेचार पट. तेच कव्हरेज, तेच औषध, तोच डास, आणि 12 चा आर-नॉट 0.8 च्या जागी 2.7 वर अडकला. आणि हेही माणसं सगळीकडे फिरतात, मिसळतात असं धरून. माणसंही रात्री आपल्याच वस्तीत झोपत असतील तर त्या राहिलेल्या तुकड्यात आर-नॉट 12 चा 12 च, तिथून रोग पुन्हा बाकीच्या गावात झिरपत राहणार.

खरं जग या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतं. पण तुमच्या साध्या मॉडेलमध्ये पहिलं टोक आपोआप धरलेलं आहे, तुम्ही कुठेही लिहिलेलं नसलं तरी. माझं मत विचाराल तर पॅरामीटरच्या तिसऱ्या दशांशावर आठवडे घालवण्यापेक्षा न फवारलेली घरं नकाशावर कुठे आहेत हे मिळवा, अगदी हाताने काढलेला नकाशा असला तरी चालेल. दोन-तीन पॅचचं, म्हणजे गावाचे फवारलेले आणि राहिलेले तुकडे वेगळे धरणारं, मॉडेल करा, पॅचमधली ये-जा 0 ते 1 फिरवून बघा आणि निकालाची रेंज द्या.

आता कव्हरेजचा आकडा येतो कुठून तेही बघा. समजा भागात 1000 घरं आहेत. टीम गेली तेव्हा 850 उघडी सापडली, त्यातली 765 फवारली. रिपोर्टमध्ये येतं 90 टक्के, कारण भाजक 850 घेतला. खरं कव्हरेज 76.5. त्यातही फवारलेल्या घरात सगळ्या खोल्या फवारल्या का? सामान हलवायचा कंटाळा, वास, भिंतीवर पांढरे डाग पडतात म्हणून तक्रार, यामुळे बऱ्याचदा बाहेरची खोली होते आणि झोपायची राहते, म्हणजे डास जिथे जेवतो नेमकी तीच! आणि महिन्याभरात कोणी भिंत लिंपली किंवा रंगवली की औषध गेलं आत. हे सगळं मॉडेलमध्ये घालायला वेगळं समीकरण लागत नाही, फक्त तो एक गुणक प्रामाणिक पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना निदान 80-85 टक्के कव्हरेज म्हणते ते खऱ्या भाजकावर.

दोन राउंड असतील तर आणखी एक गंमत. दोन्ही राउंडमध्ये 80 टक्के, आणि राहणारी घरं दरवेळी वेगळी असली तर वर्षात एकदा तरी औषध लागलेली घरं 96 टक्के. पण कुलूप लावून कामाला जाणारे आणि नकार देणारे दरवेळी तेच असतात, मग दुसऱ्या राउंडनंतरही 80 चे 80. राउंडमधलं हे कोरिलेशन घरनिहाय यादी असेल तरच काढता येतं. यादी नसेल तर निदान दोन्ही टोकं चालवून दाखवा.

आता फवारणी मॉडेलमध्ये नेमकी कुठे घालायची, कारण इथेही बऱ्याच जणांचं गडबडतं. पुष्कळ लोक चावण्याचा दर कमी करतात. मच्छरदाणीला ते ठीक आहे, फवारणीला बहुतेक औषधांत नाही. फवारणीत डास आधी चावतो आणि मग भिंतीवर बसून मरतो, म्हणजे ज्याच्या घरात फवारणी झाली त्याला स्वतःला फार संरक्षण नाही, फायदा पुढच्या माणसाला, म्हणजे सगळ्या गावाला मिळून. चावण्याचा दर सूत्रात वर्गाने येतो, तो कमी केलात की नको इतका फायदा दिसतो. डीडीटीचं थोडं वेगळं, ते डासांना घरात शिरण्यापासून परतवतं पण, आणि मग प्रश्न येतो की परतलेला डास गेला कुठे? शेजारच्या न फवारलेल्या घरात गेला तर तिथले चावे वाढले. म्हणून मृत्यू, परतणं आणि चावून जगणं या तीन शक्यता वेगळ्या ठेवा. प्रायोगिक झोपड्यांमध्ये (जिथे रात्री माणूस झोपतो आणि सकाळी किती डास शिरले, किती प्यायले, किती मेले, किती बाहेर पडायच्या सापळ्यात सापडले ते मोजतात) हे आकडे नेमके याच रूपात मिळतात.

औषध उतरतं कसं हा पुढचा मुद्दा. बरेच जण वर्षभराची सरासरी परिणामकारकता टाकतात. नका टाकू. मॅलॅथिऑन भिंतीवर 2-3 महिने टिकतं, लॅम्डा-सायहॅलोथ्रिन 3-6 महिने, पिरिमिफॉस-मिथाइलचं कॅप्सूलवालं रूप 4-6, डीडीटी 6 महिन्यांच्या वर, आणि मातीची भिंत औषध शोषून घेते म्हणून तिथे बऱ्याचदा याहून कमी. शिवाय उतार सरळ एक्सपोनेन्शियल नसतो. सुरुवातीला बराच काळ मृत्यू वरच राहतो (औषध गरजेपेक्षा जास्त असतं ना) आणि मग एकदम घसरतो, म्हणून एस आकाराचा लॉजिस्टिक वक्र चांगला बसतो. शंकूत डास 30 मिनिटं भिंतीला लावून ठेवतात आणि 24 तासांनी मेलेले मोजतात, ती चाचणी महिन्या-महिन्याला केलेली असेल तर तोच वक्र थेट घ्या. आणि फवारणीची तारीख ही एक तारीख नसते हे विसरू नका, टीम भाग पूर्ण करायला दीड-दोन महिने घेते, त्यामुळे शेवटच्या गावात औषध ताजं असतं तेव्हा पहिल्या गावात ते उतरायला लागलेलं असतं. प्रत्येक पॅचला वेगळा शून्य दिवस द्या. सीझनच्या तोंडावर फवारणी आणि सीझन निम्मा झाल्यावर फवारणी यात मॉडेल जो फरक दाखवतं तो बऱ्याच वेळा दोन औषधांमधल्या फरकापेक्षा मोठा असतो.

आणि रेझिस्टन्स, म्हणजे डासांनी औषधाला दाद न देणं. ठरलेल्या डोसला 90 टक्क्यांपेक्षा कमी डास मेले तर रेझिस्टन्स पक्का मानतात, पण तो टक्का उचलून मॉडेलमध्ये टाकायचा नसतो, ती प्रयोगशाळेतली नळी आहे, घर नाही. झोपडीतल्या मृत्यूशी त्याचं नातं आधी बसवावं लागतं.

एवढं सगळं करूनही काही ठिकाणी केसेस हलत नाहीत, आणि तिथे दोष फवारणीचा नसतोच. उत्तर नायजेरियातल्या गार्की भागात 1969 ते 1976 मोठा प्रकल्प झाला, प्रोपॉक्सर या कीटकनाशकाची फवारणी, काही गावांत जोडीला सगळ्या लोकांना मलेरियाची औषधं, आणि त्यासोबत डीट्झ, मोलिनो आणि थॉमस यांनी 1974 ला मॉडेलही मांडलं. डासांचं पसरवण्याचं बळ फवारणीने खूप खाली आलं, तरी लोकांमधला संसर्ग तुटला नाही. एक कारण डासांच्या सवयीचं, काही डास उपजतच बाहेर बसणारे निघाले. पण मोठं कारण गणितात आहे. सगळ्यात साध्या मॉडेलमध्ये समतोलाला संसर्ग असलेल्यांचं प्रमाण एक वजा आर-नॉटचा व्यस्त. आर-नॉट 100 असेल तर 99 टक्के. तो 10 पट खाली आणला, म्हणजे फवारणी जबरदस्त यशस्वी, तर 90 टक्के! रक्त तपासणीच्या सर्व्हेत फरक जेमतेम दिसेल. तेव्हा तुमच्या भागात मुळात संसर्ग किती दाट होता ते आधी बघा. दाट असेल तर ‘केसेस निम्म्या झाल्या नाहीत’ यावरून फवारणी फुकट गेली असा निष्कर्ष काढू नका, संसर्गित चाव्यांचा दर मोजा, तो आधी हलतो.

आता दुसरा भाग, हेच मॉडेल बाकी रोगांना चालेल का. सांगाडा चालेल, आतडी बदलावी लागतील.

डेंग्यूचा एडिस इजिप्ती दिवसा चावतो, एका चक्रात अनेकांना चावतो, उडतोही थोडाच, बहुधा शंभरेक मीटरच्या आत, त्यामुळे वरचा घराला चिकटण्याचा मुद्दा इथे दुप्पट लागू. तो घरात खालच्या अंधाऱ्या जागी बसतो, भिंतीचा दीड मीटरखालचा भाग, पलंगाखाली, फर्निचरमागे, म्हणून सगळी भिंत न फवारता तेवढंच फवारायची पद्धत निघाली. इथे एक फरक नक्की करा: धूरफवारणी आणि भिंतीवरची फवारणी ही मॉडेलमध्ये एकच गोष्ट नाही. धूर म्हणजे एका दिवसाचा मृत्यूचा झटका, त्या वेळी उडणारे डास मेले, टाकीतले कोष तसेच, एक-दोन आठवड्यांत संख्या परत जागेवर. मेक्सिकोतल्या युकातानसाठी एकेक माणूस आणि एकेक घर धरून केलेल्या मॉडेलांनी दाखवलं की भिंतीवरची फवारणी सीझनआधी केली तर साथ आल्यावर धावण्यापेक्षा बरीच जास्त कामी येते. पण त्यातच हेही दिसलं की वर्षं जातील तसा फायदा घटतो, कारण संसर्ग न झालेले, प्रतिकारशक्ती नसलेले लोक साठत जातात. एका सीझनचं मॉडेल करून पाच वर्षांचा फायदा गुणून काढणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

लॅटिन अमेरिकेतल्या शागास रोगाचा किडा, ट्रायटोमा इन्फेस्टान्स, अगदीच वेगळा. अंड्यापासून सगळं आयुष्य भिंतीच्या भेगांत, घर-अंगणाबाहेर फारसा नाहीच, म्हणून फवारणीला तो सगळ्यात सोपा बळी. 1991 ला दक्षिणेकडच्या देशांनी मिळून मोहीम काढली आणि उरुग्वेत 1997, चिलीत 1999, ब्राझीलमध्ये 2006 ला या किड्यातून होणारा प्रसार थांबल्याचं जाहीर झालं. पण ग्रान चाको भागात (अर्जेंटिना, बोलिव्हिया, पॅराग्वेत पसरलेला सखल प्रदेश) घरं पुन्हा पुन्हा किड्यांनी भरतात. इथे डास मोजण्याचं मॉडेल उपयोगाचं नाही, घर हेच एकक धरा: घर स्वच्छ, घर बाधित, फवारलं, पुन्हा बाधित, आणि पुन्हा बाधित होण्याचा दर शेजारच्या बाधित घरांच्या अंतरावर. कोंबड्यांची खुराडी वेगळी धरा. कोंबड्यांना हा रोग होत नाही पण त्यांच्या रक्तावर किडे भरमसाट वाढतात, आणि कुत्रे मात्र परजीवीचा साठा असतात. अर्जेंटिनाच्या वायव्येकडच्या गावांवरून 2001 ला आलेल्या मॉडेलने हेच मांडलं, कुत्र्यांना झोपायच्या खोलीबाहेर ठेवल्याने काय होतं ते.

काळा आजाराची वाळूमाशी आपल्या उपखंडातली. बिहारात वर्षानुवर्षं डीडीटी मारून माश्यांना त्याची सवय झाली, मग गेल्या दशकात अल्फा-सायपरमेथ्रिनवर जावं लागलं. इथे गुरांचा गोठा मॉडेलमध्ये घालावाच लागतो कारण माशी गुरांनाही चावते. आणि इथलं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे उशीर: चावल्यापासून आजार दिसेपर्यंत महिने जातात, निदान व्हायला आणखी वेळ. या वर्षीच्या केसेस बऱ्याचशा गेल्या वर्षीच्या माश्यांच्या. फवारणी आणि केसेस एकाच वर्षाच्या रांगेत लावून रिग्रेशन केलं तर फवारणीने रोग वाढतो असंही निघू शकतं, कारण जिथे केसेस जास्त तिथेच फवारणी जास्त होते!

शेवटी फिटिंगचं, म्हणजे मॉडेल डेटाला बसवण्याचं. नुसत्या केसेसवरून कव्हरेज, मरण्याची शक्यता आणि भिंतीवर बसण्याचं प्रमाण वेगळं काढता येत नाही, मॉडेलला फक्त त्यांचा गुणाकार दिसतो. 0.8 गुणिले 0.5 आणि 0.5 गुणिले 0.8 दोन्ही सारखेच छान फिट होतील, आणि कार्यक्रमाला सल्ला मात्र उलटा जाईल, एकात ‘औषध बदला’, दुसऱ्यात ‘जास्त घरं गाठा’. म्हणून निदान एक तरी आकडा बाहेरून आणा, शंकू-चाचणीचा किंवा घरनिहाय यादीचा. मोठी तयार सॉफ्टवेअर्स आहेत, ओपनमलेरिया आहे, ईएमओडी आहे, चांगली आहेत, पण तुमच्या आत्ताच्या प्रश्नाला ती लागणार नाहीत. वरचा दोन पॅचचा हिशोब एक्सेलमध्ये बसतो. तुमच्या भागाचे चार गुणक त्यात घाला, आणि पॅचमधली ये-जा पाच वेगवेगळ्या किमतींना ठेवून आर-नॉट काढा. पाचही वेळा तो एकच्या वर राहिला तर डेटाशी भांडण उरलंच नाही.